वाळूतला माल

माझी सातवीपर्यंत शाळा झाली आहे, आणि आमच्या वस्तीवर तेवढी शाळा झालेली मी एकटीच सून. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या सातवीनंच केला.

आमची वस्ती शिक्रापूरच्या खालच्या अंगाला, वेळ नदीच्या कडेला. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारे धनगर. सासऱ्यांनी मेंढरं विकून दीड एकर रान घेतलं आणि बिऱ्हाड एका जागी टेकवलं. ते गेल्यावर सासूबाईंनी, म्हणजे बयाबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते), रानापेक्षा जास्त जीव लावला तो नदीच्या वाळूला. पावसाळ्याचं पाणी ओसरलं की पात्रात वाळू उघडी पडायची. तिच्यात हातभर खोल आळी खणायची, ओल लागली की तळाला लेंडीखत घालायचं आणि कलिंगडाचं बी टोचायचं. उन्हाळ्यात शिक्रापूरला हमरस्त्याच्या कडेला ढीग मांडून बसलं की ट्रकवाले आपणहून गाड्या थांबवायचे. वाळूतल्या कलिंगडाची गोडी काळ्या रानातल्या कलिंगडाला नाही. घरचं आहे म्हणून सांगत नाही, ज्यानं खाल्लं असेल त्याला विचारा.

नव्व्याण्णव साली दिवाळीनंतर पाणी ओसरलं तेव्हा वाळूच्या कडेनं एक पांढरा पट्टा दिसला. लांबून वाटलं, फेस वाळलाय. जवळ जाऊन बघितलं तर दाणे. साबुदाण्याएवढे, गुळगुळीत, पांढरे. मधूनच एखादा निळा, एखादा काळा. पाणी जिथवर चढलं होतं त्या रेघेनं ते पार वळणापर्यंत पसरले होते. ओंजळ भरून उचलली तरी खाली आणखी होतेच.

आता त्याच वर्षी मी महिला मंडळाबरोबर शिरूरच्या शेतकरी मेळाव्याला गेले होते. तिथं एका साहेबांनी सांगितलं होतं, की हळूहळू विरघळणारा युरिया निघालाय, त्याच्या दाण्यावर लेप असतो, एकदा टाकला की हंगामभर पुरतो. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि हमरस्त्यावर ट्रक तर काय, नेहमीच कलंडतात. मी दोन्हीची गाठ मारली आणि जाहीर करून टाकलं, "आत्याबाई, युरिया हाय ह्यो. नव्या जातीचा. कुठंतरी गाडी पालथी झाली आसंल."

आत्याबाईंनी एक दाणा उचलून जिभेवर ठेवला. चघळला. थुंकला.

"युरिया जिभंला गार लागतो, चांगुणा. ह्याला चवच न्हाई. आन् पाण्यात भिजून आजून हाय तसाच?"

"लेप असतो त्येला. हळूहळू इरघळतो."

"कोण म्हनलं?"

"शिरूरचं साहेब म्हनलं."

त्या म्हणाल्या, "तू शाळा शिकलीस बाई. तुला ठावं."

त्या तेवढ्या बोलण्यानं मी अशी काही फुगले की विचारू नका. पुढचे चार दिवस आम्ही दोघी केरसुणीनं दाणे लोटत होतो आणि सुपानं पाखडत होतो. वाळू जड, ती मागं राहायची, दाणा पुढं यायचा. आळ्यांत घालायचा तेवढा वेगळा ठेवून वर सहा पोती भरली. आत्याबाईंचा भाऊ शंभूमामा अजून मेंढरं राखतो. तो दरसाल आम्हांला गाडीभर लेंडीखत देतो. त्या वर्षी मीच त्याला निरोप धाडला, की यंदा खत नको, आमची सोय झाली आहे. त्यानं ते खत केंदूरला कुणा बागाईतदाराला देऊन टाकलं. आम्ही आळ्या-आळ्यात ओंजळ ओंजळ 'नवा युरिया' घातला आणि बी टोचलं.

वेल उगवले. चार पानांवर आले आणि पिवळे पडले. वाळूत काय असतं? ओल असते, दुसरं काही नाही. जे काही द्यायचं ते आपणच द्यायचं, आणि आम्ही दिलं होतं ते मी वर सांगितलंच. जानेवारीत मी एक आळं उकरून बघितलं. दाणे जसेच्या तसे, एकालाही ओरखडा नाही. मुळं बिचारी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली होती. मी एक दाणा काडीनं पेटवला. तो वितळला, टपकला, आणि फुटकी बादली जाळल्यावर येतो तसा वास आला.

मी कपाळावर हात मारला आणि वाळूतच बसले. लाज वाटली, फार वाटली. आत्याबाई आल्या, त्यांनी काडीचं टोक हुंगलं आणि हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्या वस्तीत बातमी पसरली. पुढं पंधरा दिवस मला बघितलं की बाया विचारायच्या, "चांगुणा, युरिया इरघळला का?" शेजारची नकुशी तर रोज न चुकता विचारायची. विचारू देत. चुकले होते तर ऐकून घ्यायला हवं होतं, आणि मी ऐकून घेतलं.

पण हे आलं कुठून? हसून झाल्यावर माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. एका सकाळी मी भाकरी बांधून घेतली आणि पाण्याच्या कडेनं वर चालत निघाले. जिथं ओढा नदीला मिळतो तिथं पांढरी रेघ नदी सोडून ओढ्यात वळली. मीही वळले. दीड तास चालल्यावर रेघ एका कंपनीच्या मागच्या भिंतीशी जाऊन थांबली. भिंतीतून गटाराचा पाइप बाहेर आलेला, आणि त्याच्या तोंडाशी दाण्यांचा ढीग, मळणीनंतर खळ्यात असतो तेवढा. आत एक माणूस नळीनं फरशी धूत होता. मी भिंतीवरून हाक मारली. बिहारकडचा होता, बोलायला चांगला.

"ये दाना है, मौसी. इसीसे पाइप बनता है. बोरी फटती है तो गिरता है."

"मंग भरून का नाही ठेवत?"

"टाइम किधर है? पानी मारो, साफ."

पाणी मारलं की साफ! त्याची फरशी साफ, आणि माझी वाळू? तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पुढच्या गेटवर गेले आणि मॅनेजरला भेटायचंच म्हणून हटून बसले. तासाभरानं आत घेतलं. मॅनेजर मराठीच होता, चष्मा लावलेला, आवाज मऊ. मी सगळं सांगितलं. पाइप सांगितला, ओढा सांगितला, वाळू सांगितली. तो म्हणाला, आमचा एक दाणा बाहेर जात नाही. मी म्हणाले, एक? माझ्या घरी सहा पोती भरून ठेवलीत, बघायला या!

त्यानं माझं नाव, गाव, घर कुणाचं, सगळं नीट लिहून घेतलं. मला वाटलं, तक्रार लिहून घेतोय. शहाणपणात आमचा हात कोण धरणार!

तिसऱ्या दिवशी जीप आली. मॅनेजर, पोलीस ठाण्याचा एक जमादार, आणि सोबत बबनराव. बबनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. फुलांचा बागाईतदार, पण फुलांपेक्षा त्यांचं लक्ष कंपनीवर जास्त. कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या त्यांच्या, कंपनीत लागलेले तीन टेंपो त्यांचे, आणि त्यांतल्या एका टेंपोवर ड्रायव्हर कोण? माझा नवरा, ईश्वर.

पडवीतली सहा पोती जमादारानं उघडून बघितली. मॅनेजर मऊ आवाजातच म्हणाला, "हा माल कंपनीचा आहे. चोरीचा आहे." घर आत्याबाईंच्या नावावर होतं, म्हणून चोरही त्याच ठरल्या. बबनराव लगेच मध्ये पडले. म्हणाले, तक्रार करू नका, गावात मिटवू, उद्या सकाळी बिरोबाच्या पारावर बसू.

त्या रात्री घरात चूल पेटली, पण जेवलं कुणीच नाही. ईश्वर म्हणाला, "तुला कुणी सांगितलं व्हतं गेटवर जायाला?" साठ वर्षांच्या बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या रानातलं कणीस मोडलं नव्हतं. मेंढरं घेऊन मुलूखभर फिरली, पण कुणाच्या बांधावर तिच्या नावानं बोंब झाली नाही. आणि माझ्या आगाऊपणानं ती चोर ठरत होती.

सकाळी पारावर सगळी वस्ती जमली. बबनरावांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि वाचला. मी, बयाबाई अमुक अमुक, कंपनीच्या आवारातील बंद पोत्यांतून प्लॅस्टिक दाणा विनापरवाना उचलून नेला. नेताना त्यातला बराचसा माझ्या हातून ओढ्यात व नदीपात्रात सांडला. याबद्दल मी कंपनीची माफी मागते.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बयाबाय, आंगठा टेकव आन् हो मोकळी. कंपनी केस करणार न्हाई. माझी जबाबदारी."

माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग आलं. चोरीचं नुसतं निमित्त होतं. या माणसांना हवं होतं ते मधलं वाक्य. ओढ्यात पडलेला, नदीत पडलेला, वळणापर्यंत पसरलेला सगळा दाणा एका म्हातारीच्या हातून सांडला! उद्या कुणी वरून विचारायला आलं तर हा कागद पुढं करायचा, की झाले हे मोकळे. वाळू गेली, कलिंगड गेलं, आणि वर दोषही आमचाच.

ईश्वर आईजवळ गेला. खाली मान घालून म्हणाला, "आये, दे आंगठा. टेंपो गेला तर खायाचं काय?"

त्याचा मला राग आला नाही. खरंच बोलत होता तो. पण मी गप्प बसले असते तर मला पुढं वाळूत पाय ठेवता आला नसता.

मी म्हणाले, "जमादारसाहेब, एक मिनिट. चोरीचा माल कुठनं चोरला त्ये तरी बघा." देवळातलं मोठं पातेलं मागवलं, पाण्यानं भरलं आणि पडवीतलं एक पोतं आणून त्यात पालथं केलं. हातानं ढवळलं. दाणा सगळा वर तरंगला. तो बाजूला सारला. तळाशी बसलेलं ओंजळीत घेऊन मी जमादाराच्या पुढं धरलं. वाळू, शिंपल्यांचे तुकडे, शेवाळलेले खडे.

"बंद पोत्यातनं चोरला म्हंता ना? कंपनी पोत्यात शिंपल्या भरती व्हय?"

लोक हसले. नकुशी सगळ्यांत मोठ्यानं हसली. या वेळी ती मला हसत नव्हती, हे बघून जिवात जीव आला. पण मॅनेजर काही कच्चा नव्हता. "वाळू काय, नंतरही मिसळता येते," तो म्हणाला. "दाणा आमचाच आहे. याच्यावर आमच्या मालाचा रंग आहे, साइज आहे. हवं तर तपासून घ्या. माल कंपनीचा, मिळाला यांच्या घरात. आणखी काय पाहिजे?"

माझी सातवी तिथंच संपली.

तेव्हा आत्याबाई उठल्या. एवढा वेळ त्या पायरीवर बसून नुसतं ऐकत होत्या. त्या मॅनेजरशी बोलल्याच नाहीत. जमादाराकडे वळल्या.

"जमादार, तुम्ही ल्हिता ना? मंग आधी ह्यांचं ल्हिवा. साहेब म्हंत्यात दाणा कंपनीचा हाय. ल्हिवा तसं. ह्या रंगाचा, एवढाल्ला, ह्यो दाणा कंपनीचा. खाली साहेबांची सई घ्या. त्यांची सई झाली का मी आंगठा दिती."

जमादारानं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरला आधी काही कळलं नाही. "हो, मग लिहा की," असं म्हणून त्यानं खिशातलं पेनसुद्धा काढलं.

आत्याबाई पुढं म्हणाल्या, "आन् सई करून जीपमदी बसू नका, साहेब. माझ्यासंगं खाली नदीला चला. म्या सहाच पोती भरली, वाळूत आजून साठ भरतील. वढ्यात किती त्ये मला मोजता येत न्हाई. तुमच्या पायपाच्या तोंडाला ढीग हाय, त्यो चांगुणानं बघितलाय. सगळा ह्याच रंगाचा, एवढाल्लाच. म्हंजी सगळा तुमचाच की! तुमचा माल, तुम्ही भरून न्या. एक दाणा ठिवू नका. चोराच्या हातात कशापायी ठेवायचा?"

मॅनेजरचं पेन तसंच हातात.

"आन् तुमचा नसंल," त्या म्हणाल्या, "तर मी चोरला कुणाचा?"

मी आजवर बरीच भाषणं ऐकली आहेत. शिरूरच्या मेळाव्यात तर एका दिवसात नऊ ऐकली. पण त्या दोन वाक्यांपुढं ती सगळी फिकी. मॅनेजरनं पेन खिशात घातलं. सही करायला मला वरून परवानगी लागेल, असं काहीतरी पुटपुटला. जमादारानं वही मिटली आणि म्हणाला, "मंग मी काय ल्हिऊ? माल कुणाचा त्येच ठरंना." दोघं जीपमध्ये बसले. माफीचा कागद बबनरावांच्या हातातच राहिला. त्यांनी तो चुरगाळला, ईश्वरसमोर आले आणि हात पुढं केला. ईश्वरनं टेंपोची किल्ली त्या हातावर ठेवली.

तीन दिवस ईश्वर माझ्याशी बोलला नाही. त्या तीन दिवसांत आम्ही बायकांनी वाळूत उतरून पाखडायला सुरुवात केली. आत्याबाईंचं म्हणणं साधं होतं. कंपनी माल न्यायला येत नाही, तर आपण पोचवू. माझ्या आळ्यांतला दाणा मी स्वतः एकेक आळं उकरून काढला. शंभूमामानं चार पाट्या लेंडीखत आणून दिलं. जे वेल जगण्यासारखे होते ते त्यावर जगले.

पुण्याहून मोठे साहेब महिन्यातल्या एखाद्या सोमवारी येतात, हे ईश्वरलाच माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यानं तोंड उघडलं ते एवढं सांगायलाच. म्हणून आम्ही सोमवार धरला. नऊ बाया, डोक्यावर अर्धी अर्धी पोती, ओढ्याच्या कडेनं चालत गेटवर. वॉचमन म्हणाला, "अंदर नहीं ले सकता, ऑर्डर नहीं है."

आत्याबाई म्हणाल्या, "नगं घिऊ. मंग ल्हून दे, ह्यो माल आमचा न्हाई म्हणून."

तो फोन करून आला. "लिखके भी नहीं दे सकता."

"बरं. मंग हितंच ठिवतो. तुमचं ठरंपतुर."

पोती गेटशेजारी ओळीनं उभी केली आणि आम्ही परत आलो. दुसऱ्या सोमवारी ईश्वरनं शंभूमामाची बैलगाडी जुंपली. मागची पोती तशीच होती, त्यांच्याशेजारी बारा आणखी लावली. तिसऱ्या सोमवारी ओळ गेटच्या पुढं सरकली, ट्रक आत वळवायला अडचण व्हायला लागली. ड्रायव्हर खाली उतरून विचारायचे, यात काय आहे? आम्ही प्रत्येकाला सांगायचो. घाई कुणालाच नव्हती. बबनरावांनी निरोप धाडला, की जमावबंदी लावायला लावीन. आत्याबाईंनी उलट निरोप दिला, की लावा, पण कागदावर कारण ल्हिवा.

चौथ्या सोमवारी आमची गाडी आणि मोठ्या साहेबांची गाडी एकाच वेळी गेटवर आली. पोत्यांमुळं मोटारीला वाट नव्हती. साहेब काच खाली करून म्हणाले, "ये किसका माल है?"

आत्याबाईंना हिंदी येत नाही. पण हे त्यांना बरोबर समजलं. "त्येच इचारायला आलोय," त्या म्हणाल्या. "महिना झाला."

मी पुढं होऊन सगळं सांगितलं. युरियाचंही सांगितलं. आता लाजायचं काय राहिलं होतं? मोठे साहेब उतरले, एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणा हातात घेतला आणि मॅनेजरला बोलावलं. दोघं बाजूला जाऊन इंग्रजीत बोलले. मऊ आवाजाचा मॅनेजर नुसती मान हलवत होता. ते काय बोलले ते मला कळलं नाही, सातवीला तेवढं इंग्रजी नव्हतं. पण थोड्या वेळानं गेट उघडलं. आतून तोच फरशी धुणारा बिहारी आणि आणखी चार माणसं आली आणि एकेक पोतं उचलून आत न्यायला लागली. कुणी सही केली नाही. कुणी माफी मागितली नाही. पण गेटवर थांबलेल्या सहा ट्रकांच्या ड्रायव्हरांनी आणि आम्ही नऊ बायांनी बघितलं, की माल कुणाच्या घरात गेला.

शेवटचं पोतं आत गेलं तसा वॉचमन गेट लावायला लागला. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी ते धरलं.

"मालक," त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "माल तुमचा, पर पोती आमची हायेत. रिकामी करून द्या. पुढल्या सोमवारी लागतील."